गॅलरीच्या लाइनीवर

मेघनाचं लग्न साथीमुळे दोनदा पुढे ढकललं गेलं आणि शेवटी २०२२ च्या मे महिन्यात लागलं. त्या लग्नात तिच्या वडिलांनी, कुशाबा परबांनी, मांडवात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. पूर्ण आवाजात घातलेलं ते त्यांचं शेवटचं. गणपतीत त्यांचा आवाज घोगरा झाला, दसऱ्याला चिरका झाला. दिवाळीनंतर परळच्या हॉस्पिटलात घशात नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि डिसेंबरात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की माणूस वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. तारीख मिळाली संक्रांतीनंतरची.

कुशाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन चहा मागितला. त्यांच्या बायकोने, जाईबाईंनी, चहा दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून ठेवला, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाऊ नये. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

लालबागच्या आनंदीबाई चाळीत कुशाबा परब म्हणजे गाऱ्हाणं. गिरणीत होते तेव्हाही आणि गिरणी बंद पडल्यावरही. कोणाची पूजा असो, नवी रिक्षा असो, पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली असो, देवासमोर नारळ ठेवायचा आणि कुशाबांना बोलवायचं. ते देवाला मोठ्याने, घरच्या माणसाशी बोलावं तसं सांगायचे की बाबा, हे असं असं काम काढलंय, यात यश दे. प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" पेटी नाही, माइक नाही. पण कुशाबा पहिल्या मजल्यावर बोलले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं हात जोडायची.

त्यांचा मुलगा निलेश सिनेमाच्या साउंडमध्ये होता. शूटिंगला नटाच्या डोक्यावर लांब काठीचा माइक धरायचा, शर्टाच्या आत बिनतारी माइक लपवायचे, हे त्याचं काम. पंधरा वर्षं परक्या माणसांचे आवाज टिपणाऱ्या या माणसाकडे बापाच्या आवाजाचा एक धड तुकडा नव्हता. मोबाईलवर गणपतीत टिपलेले तुकडे होते, त्यांत गाऱ्हाण्यापेक्षा झांजा जास्त. मेघनाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, पण व्हिडिओवाल्याने नेमक्या गाऱ्हाण्यावर सनई टाकली होती. निलेशने त्याला फोन करून मूळ आवाज मागितला. तो म्हणाला, "साहेब, तो तर कधीच उडवला. कोकणी माणूस ओरडत होता नुसता."

तारीख ठरल्यापासून निलेशच्या डोक्यात एकच होतं. बाबांचं गाऱ्हाणं, पुरं, स्वच्छ, एकदा मशीनमध्ये यायला पाहिजे.

त्याने बापाला विचारून पाहिलं. घरातच, देवासमोर, पंधरा मिनिटं.

"कित्यासाठी?" कुशाबांनी विचारलं. घरात ते मालवणीच बोलायचे, आणि आता तर कुजबुजत बोलायचे.

"असंच. रेकॉर्डिंगसाठी."

"देवाक काय सांगू? झील रेकॉर्डिंग करता हा, तू जरा गप बस?"

"बाबा, खोटं खोटं घाला."

"खोटा गाऱ्हाणा घालतत काय रे मेल्या? काम होया. काम नाय तर नारळ फोडून खोबरा खावचा नुसता."

जाईबाई मध्ये पडल्या. "घाला हो. पोराची इच्छा आसा."

"मग तुझ्या पोराक सांग, कायतरी धंद्याचा काम काढ."

तिथे ते थांबलं. आणि धंद्याचं काम आपोआपच निघालं.

दादरची अनुजा नावाची एक दिग्दर्शिका गिरणी कामगाराच्या घरावर सिनेमा करत होती. तिला जुनी चाळ हवी होती. निलेशने तिला आपलीच चाळ दाखवली. तिला लाकडी जिने आवडले, कठडा आवडला. साउंडचं काम व्हिक्टर परेरांकडे होतं आणि निलेश त्यांचाच माणूस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला मुहूर्त ठरला, तेव्हा अनुजा म्हणाली, "नारळ फोडूया, पण कोणीतरी घरचं माणूस असू दे. पुढाऱ्याबिढाऱ्याला नको." निलेशच्या तोंडून लगेच बापाचं नाव गेलं. संध्याकाळी त्याने घरी विचारलं. कुशाबा म्हणाले, "सिनेमा म्हणजे शंभर माणसांच्या पोटाचा काम. ह्या गाऱ्हाणा मी घालतंय." त्या दिवसापासून त्यांनी बोलणं जवळजवळ बंदच केलं. काही हवं असलं की बोटाने दाखवायचे. आवाज त्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

व्हिक्टर परेरा गिरगावातले, साठीच्या घरातले. कोळीवाड्यातल्या माणसासारखं तडक मराठी बोलायचे. त्यांची साउंडची गाडी म्हणजे भाजीवाल्याच्या हातगाडीची धाकटी बहीण. चार चाकं, वरच्या फळीवर मिक्सर, मधल्या फळीवर रेकॉर्डर आणि बिनतारी माइकचे डबे, आणि खालच्या कप्प्यात जाडजूड बॅटरी. त्या बॅटरीवर अख्खी गाडी दिवसभर चालायची. जनरेटरची व्हॅन शेजारी उभी असली तरी व्हिक्टर तिची वायर घेत नसत आणि लोकेशनच्या घरातला प्लग तर नाहीच नाही.

"दुसऱ्याच्या घरी मी जेवीन, झोपीन, हागीन पण," ते म्हणायचे, "करंट नाय घेणार. लाइन त्याची, बटण त्याचं. कोण कवा दाबंल, सांगता येतं?"

दुसरं कारण धंद्याचं होतं. जुन्या वायरिंगचा करंट घेतला की हेडफोनमध्ये भुंग्यासारखी घूं, साउंडवाल्यांच्या भाषेत हम, ऐकू येते आणि ती नटाच्या संवादाखाली कायमची बसते. बॅटरीवर ही भानगड नाही. म्हणून पॅकअप झालं की व्हिक्टर दोन्ही बॅटऱ्या कापडी पिशवीत घालून गिरगावला घरी न्यायचे आणि रात्रभर स्वतःच्या डोळ्यांसमोर चार्ज करायचे. त्यांची बायको जेन म्हणायची, "माझ्याशेजारी बॅटरी झोपते, नवरा पलीकडे."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी व्हिक्टरनी चाळीत येऊन जागेचा आवाज टिपला. प्रत्येक जागेला तिचा एक रिकामा आवाज असतो, तो पुढे संवादांच्या मध्ये भरायला लागतो. त्यासाठी पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर, सगळं बंद हवं. चाळीचा मेन स्विच हितेंद्रच्या ताब्यात. हा तळमजल्यावरचा, निलेशच्या बरोबरीचा, दिवसा कुरिअरच्या ऑफिसात आणि गणपतीत मंडळाच्या लाइटवर. व्हिक्टरनी सांगितल्यावर हितेंद्रने जिन्याखालची पेटी उघडली आणि सगळ्या गॅलऱ्यांचा मेन खाली ओढला. चाळ एकदम गप्प झाली. कबुतरं ऐकू आली, लांबची पिठाची गिरणी ऐकू आली. बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

"आणि तुमची गाडी कशी चालू?" हितेंद्रने विचारलं. गाडीवरचे हिरवे दिवे तसेच लागलेले होते.

"माझी गाडी तुमच्या चाळीचं मीठ खात नाय," व्हिक्टर म्हणाले. "तू अख्ख्या मुंबईचा मेन काढ, मी चालू."

हे वाक्य हितेंद्रने संध्याकाळपर्यंत चाळीत चारजणांना सांगितलं.

मुहूर्ताचा दिवस शुक्रवार होता, जानेवारीची सहा तारीख. मुहूर्त दुपारी बाराचा. व्हिक्टरच्या घरी त्या दिवशी तीन राजांचा सण. ते चर्चमध्ये सकाळच्या मिसाला जाऊन मग बॅटऱ्या घेऊन येणार होते. गाडी आदल्या रात्रीपासून चाळीतच, परबांच्या दारासमोर, प्लॅस्टिकने झाकून ठेवलेली.

नऊच्या सुमाराला हॉस्पिटलातून फोन आला. कुशाबांच्या स्कॅनचा नंबर लवकर लागला होता, अकराच्या आत या, नाहीतर पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यावर ढकललं तर ऑपरेशनची तारीख जाणार.

निलेशने अनुजाला फोन केला. ती दादरहून निघालीच होती. म्हणाली, "मग गाऱ्हाणं आत्ताच घालू दे काकांना. मुहूर्त काय, आपण मानू तेव्हा."

मग त्याने व्हिक्टरना लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, मागे घंटा वाजत होत्या.

"अंकल, गाऱ्हाणं आत्ता आहे. बाबांना हॉस्पिटलात न्यायचंय."

"मी निघतो. वाट बघ माझी."

"वेळ नाही. जनरेटरवाला पण अजून आलेला नाही. ड्रॉवरमध्ये तुमचा ॲडाप्टर आहे ना? गॅलरीत प्लग आहे."

"निलेश, लाइनीवर नको घेऊ."

"हम आला तर नंतर काढू."

"हमचं नाय बोलत मी."

"अंकल, बाबा पुन्हा घालणार नाहीत."

"मग घे," व्हिक्टर म्हणाले. "पण गाडीवरनं उठू नको. कोणी बोलवलं तरी उठू नको."

निलेशने ॲडाप्टर काढला, गॅलरीतल्या प्लगात खोचला, रेकॉर्डर चालू केला. हेडफोन लावल्याबरोबर घूं ऐकू आली. थोडी होती, पण होती. तो कानावरून हेडफोन न काढता मोठ्याने म्हणाला, "च्यायला, लाइनीत आवाज येतोय!"

जिन्यात उभ्या असलेल्या हितेंद्रने ते ऐकलं.

तोवर चाळ जमली होती. अनुजा आली, तिची माणसं आली. निलेशने सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगितलं, कारण मोबाईल बिनतारी माइकमध्ये टकटक करतात. सांगून ऐकतंय कोण? शेवटी जाईबाईंनी पितळेची परात आणली आणि दारात उभ्या राहून देवळात दक्षिणा गोळा करावी तसे सगळ्यांचे मोबाईल बंद करून परातीत घेतले. "माका पासवर्ड नको, मोबाईल होयो," असं म्हणत त्यांनी दिग्दर्शिकेचाही घेतला.

कुशाबांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती. निलेशने त्यांच्या सदऱ्याच्या आत माइक लावला. छातीला हात लागला तेव्हा हाडं लागली. पाटावर तांदूळ, त्यावर नारळ. कुशाबा देवासमोर उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

"निलू, हय ये."

"बाबा, मी मशीनवर आहे."

कुशाबांनी घसा वापरायचा नाही म्हणून बोटाने जमिनीकडे दाखवलं. इथे. आपल्या उजव्या बाजूला. सिनेमाच्या माणसांना कुठे काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. "व्हय म्हाराजा" उचलायला घरचा आवाज पुढे लागतो आणि तो थोरल्या मुलाचा लागतो. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. चाळीत कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

निलेशने रेकॉर्डरवरचा लाल दिवा पाहिला, आकडे पळताना पाहिले, हेडफोन काढून गाडीवर ठेवले आणि बापाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. गाडी त्याच्या पाठीमागे, दाराबाहेर.

कुशाबांनी खाकरून घसा मोकळा केला. नारळाला हात लावला. तोंड उघडलं.

त्याच वेळी डोक्यावरचा पंखा हळू झाला आणि थांबला. शेजारच्या घरातला फ्रिज थांबला. खाली मोटर थांबली. निलेशला वाटलं, किती छान शांत झालं.

आणि त्या शांततेत कुशाबांचा आवाज आला. आठवडाभर राखलेला, पोटातून काढलेला. घोगरा होता, पण भरलेला होता.

"बा देवा म्हाराजा! गावच्या सातेरी माये, रवळनाथा, आणि हय गिरणीच्या चिमणीखाली आमका पन्नास वर्सा सांभाळणाऱ्या गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरांनी तुझ्या चाळीत येवन जा काय सिनेमाचा काम काढल्यानी हा, ता त्येंच्या हातान पुरा करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो पाय जिन्यावरसून घसरू नये, कोणाक विजेचो धक्को लागू नये! जो उपाशी येतलो तो जेवन जाव दे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या कामाक कोणाची वायट नजर लागली आसात तर ती दादरच्या पुलापलीकडे नेवन टाक!"

अनुजा दादरची, तिला हसू आलं, पण तिनेही सगळ्यांबरोबर म्हटलं. गाऱ्हाणं बराच वेळ चाललं. कुशाबांनी कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं मागितलं. शेवटी नारळ फुटला, एका घावात. माणसांनी टाळ्या वाजवल्या, तशी गाऱ्हाण्याला वाजवायची पद्धत नाही. कुशाबा पाटाशेजारी खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

निलेश दाराबाहेर आला. गाडीवर एकही दिवा नव्हता.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. प्लग काढून परत लावला. मग वर पंख्याकडे पाहिलं.

हितेंद्र जिन्यावरून हात पुसत येत होता. तोंडावर समाधान. "काय, एकदम सायलेंट दिली की नाय? काका तोंड उघडतायत आणि मी खटका ओढला. काय टायमिंग!"

"मेन तू काढलास?"

"मग! तूच बोललास ना लाइनीत आवाज येतोय. काल व्हिक्टर अंकलनी..." तो थांबला. त्याला प्लग दिसला, वायर दिसली. वायर गाडीपर्यंत गेलेली दिसली. "बॅटरी कुठाय?"

"गिरगावात."

हितेंद्र कठड्याला टेकला. "निल्या, आईशप्पथ. मला काय माहीत? गाडी आपलं मीठ खात नाय असं अंकल बोललेले."

हा माणूस निलेशसाठीच धावला होता. हितेंद्र खाली गेला, मेन वर केला. पंखा फिरायला लागला. निलेशने रेकॉर्डर चालू करून कार्ड पाहिलं. त्यात भांड्याचा आवाज होता, जाईबाईंचं "गप ऱ्हवा रे" होतं, बापाचं खाकरणं होतं, आणि शेवटी बोलण्याआधी घेतलेला श्वास, एवढंच. त्याखाली घूं.

परातीतले मोबाईल लोक आपापले घेत होते. एकाच्याही मोबाईलमध्ये काही नव्हतं.

टॅक्सीत बसल्यावर कुशाबांनी विचारलं, "इला काय मशीनीत?"

निलेशला खोटं बोलता आलं असतं. बापाने काही ते मशीन उघडून पाहिलं नसतं. "नाय आलं," तो म्हणाला आणि काय झालं ते त्याने सांगितलं.

कुशाबांना हसू आलं. हसताना खोकला आला. जाईबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

"देवाक ऐकाक गेला मां?" ते म्हणाले. "मग झाला."

"बाबा, परत एकदा घाला. आज संध्याकाळी. तोवर बॅटरी येईल."

"एका कामाक एकच गाऱ्हाणा. पुन्हा घातला तर देव म्हणतलो, माझो काय कान फुटलो हा?"

"मग दुसऱ्या कामाला घाला. तुमच्या ऑपरेशनला घाला."

"आपल्यासाठी आपण घालूचा नसता. वकील सोताची केस लढता काय?"

टॅक्सी पुलाखाली सिग्नलला थांबली. जाईबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मग ह्येणा घालूचा. ह्यो झील मां तुमचो?"

कुशाबांनी निलेशकडे पाहिलं. "येता काय तुका?"

निलेशला "व्हय म्हाराजा" येत होतं. लहानपणापासून तेवढंच येत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी व्हिक्टर गाडीजवळ स्टुलावर बसले होते. बॅटऱ्या त्यांच्या मांडीवर, पिशवीतच. निलेश हॉस्पिटलातून परत आला तसं त्यांनी विचारलं, "उठलास ना गाडीवरनं?"

"बाबांनी बोलवलं."

"हां." व्हिक्टरनी मान हलवली. "बापाने बोलवलं तर मी पण उठलो असतो. म्हणून तर बॅटरी पाहिजे." आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढचे दिवस निलेश शूटिंगवरून आला की कुशाबा त्याला शिकवायला बसायचे. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलं होतं, त्यामुळे शिकवणं कुजबुजत आणि जास्त करून हाताने. देवांची नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, आधी गावची, मग जागेची. आवाज कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा, म्हणजे लोकांना उत्तर द्यायला जागा मिळते. चुकलं की ते गुडघ्यावर बोटाने ठकठक करायचे. निलेश सगळं मोबाईलवर लिहून घ्यायला लागला तेव्हा त्यांनी तो काढून घेतला.

"पाठ करू नको. काय मागूचा हा ता आधी ठरव. शबूद मागसून येतत."

काय मागायचं ते निलेशने ठरवलेलं होतं. डॉक्टरांना काहीतरी चमत्कार दिसावा, स्वरयंत्र ठेवता यावं, बाबांचा आवाज राहावा. मनात त्याने ते वाक्य चार प्रकारांनी घोळवलं.

संक्रांत रविवारी आली. सोमवारी कुशाबांना दाखल व्हायचं होतं. सकाळी चाळ पुन्हा जमली, या वेळी सिनेमाची माणसं नाहीत, घरचीच. मेघना नवऱ्याबरोबर आली होती. व्हिक्टर गाडी घेऊन दाराबाहेर बसले. खालच्या कप्प्यात बॅटरी, तिचा हिरवा दिवा. प्लगकडे जाणारी एकही वायर नाही.

हितेंद्र जिन्याच्या तोंडाशी उभा. "अंकल, मेन काढू का?"

"काढ."

"नक्की काढू?"

"काढ रे बाबा."

"नाय, परत नंतर माझ्यावर..."

"हितेंद्र, आज पाहिजे तर अख्ख्या लालबागचा काढ. जा!"

मेन गेला. चाळ शांत झाली. निलेश देवासमोर उभा राहिला. या वेळी कुशाबा त्याच्या उजव्या बाजूला. व्हिक्टरनी एक माइक निलेशला आणि एक कुशाबांना लावला होता. कुशाबा नको नको म्हणत होते, मी बोलूचंय नाय म्हणत होते, तरी लावला होता.

निलेशने नारळाला हात लावला. सुरुवात त्याला जमली. सातेरीचं नाव घेतलं, रवळनाथाचं घेतलं. गिरणीचं विसरला. कुशाबांनी कोपराने ढोसलं, मग घेतलं. लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग कामाचं आलं.

"आज माझो बापूस..." तो म्हणाला आणि थांबला. मालवणी त्याच्या तोंडात नीट बसत नव्हती. "आज माझो बापूस उद्या हॉस्पिटलात..."

"आज काय उद्या?" मागून कोणी म्हातारी म्हणाली.

"गप गो," जाईबाई म्हणाल्या.

निलेशने बाजूला पाहिलं. कुशाबा हात जोडून, डोळे मिटून उभे होते. सदऱ्याचा गळा त्यांना आता ढिला व्हायचा. ठरवलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी होतं. ते त्याने मागितलं नाही.

"म्हाराजा, त्येचो आवाज तुका होयो तर घे," तो म्हणाला. "माणूस तेवढो घराक धाड!"

माणसांना क्षणभर उशीर झाला. कोणाला हे मागणं अपेक्षित नव्हतं. त्या मोकळ्या जागेत कुशाबांनी एकट्याने उत्तर दिलं.

"व्हय म्हाराजा!"

घसा राखायचा होता, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, ते सगळं राहिलं. आवाज तिसऱ्या मजल्यावर गेला. कठड्यावरची कबुतरं उडाली. मग पाठोपाठ चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा!" आणि तिथून पुढे प्रत्येक मागण्याला म्हातारा चाळीच्या पुढे अर्धा श्वास राहून उत्तर देत गेला. डॉक्टरांच्या हाताला यश, व्हय म्हाराजा. आईच्या जिवाला शांती, व्हय म्हाराजा. मेघनाच्या घरी पाळणा, व्हय म्हाराजा. ते शेवटचं निलेशने आयत्या वेळी घातलं. मेघना म्हणाली, "ए!" आणि बायका हसल्या.

नारळ निलेशला एका घावात फुटला नाही. तीन लागले. कुशाबांनी मान हलवली आणि खोबऱ्याचा तुकडा जाईबाईंच्या हातावर ठेवला.

निलेश बाहेर आला. व्हिक्टर हेडफोन घालून बसलेले होते. त्यांनी ते काढले, घडी करून ठेवले, आणि रेकॉर्डर बंद करण्याआधी आकडे पुन्हा एकदा वाचले.

"आलं?" निलेशने विचारलं.

"आलं. दोघं आलात."

"हम?"

"कसला हम?" व्हिक्टर म्हणाले. "बॅटरीवर हम नसतो."

दुसऱ्या दिवशी कुशाबा दाखल झाले. ऑपरेशन नीट झालं. मानेला भोक, त्यात नळी, आणि पंधरवड्याने माणूस घरी आला. बोलता येत नव्हतं. मशीन लावून घशातून बोलायला शिकवतात, तसं शिकवायला एक बाई येत होत्या, पण त्या यंत्राचा आवाज कुशाबांना आवडला नाही. त्यांनी तो डबा कपाटावर ठेवून दिला. हाताने, डोळ्यांनी आणि भिंतीवर ठकठक करून त्यांचं घर चाललं.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाचं गाऱ्हाणं निलेशने घातलं. हितेंद्र म्हणाला, "काकांचं रेकॉर्डिंग आहे ना? स्पीकरला लावतो, 'व्हय म्हाराजा' काकांचंच येऊ दे." निलेशने बापाकडे पाहिलं. कुशाबांनी हात आडवा हलवला. मशीनमधलं उत्तर देवाला द्यायचं नाही. ते स्वतः पुढे येऊन निलेशच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि प्रत्येक मागण्याला त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. चाळीने मात्र दर वेळी त्यांचं तोंड उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हटलं.

ते रेकॉर्डिंग व्हिक्टरनी दोन प्रती करून निलेशला दिलं. एक त्याच्याकडे आहे, एक मेघनाकडे. मेघनाला त्या वर्षीच्या शेवटी मुलगी झाली. पुढच्या उन्हाळ्यात कुशाबांची गाठ पुन्हा आली, या वेळी फुप्फुसात. डॉक्टरांनी आता ऑपरेशन करून उपयोग नाही म्हणून सांगितलं.

कुशाबा परब १२ ऑगस्ट २०२४ रोजी, श्रावणातल्या सोमवारी सकाळी, लालबागला राहत्या घरी वारले.